मनोरी-गोराई-उत्तन : ग्रूपने रोडबाईकची पहिली राईड करताय? आधी हे वाचा, मग निघा

मुंबईत नवीन रोडबाईक, म्हणजे बारीक टायरची सायकल, घेतली की दोन-तीन महिने लोक हायवेवर नाहीतर मरीन ड्राईव्हला पहाटे चकरा मारतात आणि मग कोणीतरी ग्रूपवर टाकतं, चला रे मनोरीला जाऊ. तिथून गोंधळ सुरू होतो. भेटायचं कुठे, बोटीत सायकल घेतात का, परत कसं यायचं, आणि कोण मागे राहिलं तर काय करायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मी या बाजूला बरीच वर्षं राईड करतोय आणि नव्या लोकांना घेऊनही जातो, त्यामुळे जे प्रश्न दर वेळी येतात ते इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी जागा समजून घ्या. मनोरी, गोराई, उत्तन, चौक, डोंगरी ही गावं ज्या पट्ट्यावर आहेत त्याला जुनी माणसं धारावी बेट म्हणतात. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, आणि जमिनीने जायचं तर भाईंदरकडूनच रस्ता. म्हणजे मालाड-बोरिवलीवाल्यांना समोर दिसतंय तरी मध्ये पाणी आहे, आणि म्हणूनच तिकडे अजून मोकळा रस्ता, ताडाची झाडं आणि शेतं शिल्लक आहेत.

मालाड स्टेशनहून मार्वे, बोटीने मनोरी, मग गोराई, उत्तन, चौक आणि त्याच रस्त्याने परत, असं सगळं मिळून ४० ते ४५ किलोमीटर होतं. नवीन माणसाला हे अंतर जमतं, फक्त ग्रूप नीट बांधलेला हवा, आणि माझं सगळं सांगणं त्याच एका गोष्टीभोवती आहे. ही राईड सगळ्यात हळू चालवणाऱ्या माणसाच्या वेगाने करायची असते, ज्याला जोर लावायचाय त्याच्यासाठी हायवे आहेच.

१. दिवस आणि वेळ ठरवा, पंचांग बघून

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मार्च-एप्रिलमध्येही चालतं पण नऊच्या आत परतीला लागायला हवं. पावसाळ्यात नवीन लोकांना घेऊन जाऊ नका, रस्त्यावर शेवाळ धरतं, खड्डे पाण्याखाली जातात आणि वारा-लाटा जास्त असल्या तर बोटीचं काही खरं नसतं.

आता भरती-ओहोटी. नवीन माणसाच्या डोक्यात हा विषय नसतोच, पण आपण बोटीने जाणार आहोत. पूर्ण ओहोटी असली की खाडीत पाणी कमी, धक्क्यावरून बोट खूप खाली, आणि त्या ओल्या चिखलट उतारावरून सायकल उचलून न्यायची म्हणजे कसरत होते. हिशोब सोपाय, किनाऱ्यावरचे सगळे लोक तोच वापरतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला आणि संध्याकाळीही तेव्हाच भरती. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे सहा तास आधी, नेमकं पहाटे आपण धक्क्यावर पोचतो तेव्हा, अगदी तळाची ओहोटी. त्यामुळे नव्या लोकांचा ग्रूप असेल तर अष्टमी-नवमीच्या जवळचा रविवार धरा. पौर्णिमा-अमावस्येलाच जायचं असेल तरी हरकत नाही, फक्त चढण्या-उतरण्याला जास्त वेळ धरा आणि दोन धडधाकट माणसं सायकली हातात द्यायला-घ्यायला उभी ठेवा.

वाऱ्याचंही बघा. हिवाळ्यात सकाळी वारा जवळजवळ नसतो, असलाच तर जमिनीकडून हलका येतो. जसजसं ऊन चढतं तसा समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. आपण सकाळी मनोरीहून उत्तरेला उत्तनकडे जातो तेव्हा शांत, आणि परत दक्षिणेला येताना हाच वारा पाठीवर, थकलेल्या पायांना तेवढाच आधार. म्हणून मी नेहमी मार्वेकडून सुरुवात करायला सांगतो. उलटं केलं, भाईंदरकडून आलात आणि मनोरीला टेकून अकरा वाजता उत्तरेला परत निघालात, तर वारा छातीवर घ्यावा लागतो.

२. कागदपत्रं आणि माहिती गोळा करा

राईडला परवानगी-बिरवानगी काही लागत नाही. पण प्रत्येकाकडे हे हवंच:

- आधार किंवा कुठलंही फोटोवालं ओळखपत्र, झेरॉक्स चालेल
- एका चिठ्ठीवर रक्तगट, घरच्यांचा नंबर, काही औषध चालू असेल किंवा अ‍ॅलर्जी असेल तर ते. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या खिशात. मोबाईल लॉक असतो हे लक्षात घ्या, पडलेल्या माणसाचा मोबाईल कोणाला उघडता येत नाही
- मेडिक्लेमचं कार्ड असेल तर त्याचा फोटो
- सुट्टे पैसे. बोटीला, चहाला, नारळपाण्याला. नेटवर्क काही ठिकाणी जातं त्यामुळे फक्त यूपीआयच्या भरवशावर राहू नका
- १८ च्या खालचं कोणी येत असेल तर आईवडिलांनी ग्रूपवर स्वतः लिहून कळवलेलं असावं, मुलाने सांगितलेलं धरू नका

११२ आणि १०८ हे दोन नंबर सगळ्यांना पाठ हवेत, १०८ ला अँब्युलन्स.

३. सायकल आणि सामान

आदल्या दिवशी संध्याकाळी सायकल बघा, पहाटे पाच वाजता नाही. दोन्ही ब्रेक दाबून बघा, चाक फिरवून बघा ब्रेकला घासतंय का, टायरला काच-काटा अडकलाय का ते बोटाने चाचपून बघा, क्विक रिलीज, म्हणजे चाक धरून ठेवणारा खटका, घट्ट आहे ना ते बघा.

हवेबद्दल नवीन लोकांचा गैरसमज असा की टायर दगडासारखा कडक हवा. इथला रस्ता गावातून जातो, काही ठिकाणी काँक्रीट, काही ठिकाणी ठिगळं लावलेलं डांबर, पेव्हर ब्लॉक. सत्तरेक किलोच्या माणसाला २५ मिलिमीटरच्या टायरला ८०-८५ पीएसआय आणि २८ च्या टायरला ७० च्या आसपास पुरे होतं. ११० भरून आलात तर हात बधिर होतील आणि वाळूवर चाक सरकेल.

प्रत्येकाकडे स्वतःचं:

- दोन ट्यूब, आपल्याच टायरच्या मापाच्या
- टायर लिव्हर, छोटा पंप
- ४ आणि ५ मिलिमीटरची ॲलन की असलेला मल्टिटूल
- पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत इलेक्ट्रॉल
- पुढचा पांढरा आणि मागचा लाल लाईट, चार्ज केलेला
- हेल्मेट. नसेल तर बोटीत चढायचं नाही, यात वाद नको

ग्रूपमध्ये मिळून: पॅच किट, चेन जोडायची क्विक लिंक (९, १०, ११ स्पीडची वेगवेगळी येते, कोणाची कुठली ते आधी विचारा), केबल टाय, फर्स्ट एड, आणि प्रेस्टा व्हॉल्वचा अ‍ॅडॅप्टर. हा अ‍ॅडॅप्टर म्हणजे पितळेची एवढीशी टोपी, पण तिच्यावाचून अडतं, कारण रोडबाईकच्या बारीक व्हॉल्वला गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही, तो मोटरसायकलसाठी असतो. टोपी लावली की बसतो.

बूट. क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी बुटाखालची पट्टी, लावून चालवायची सवय पक्की नसेल तर या राईडला साधे बूटच घाला. धक्क्याचा उतार ओला असतो आणि क्लीटखालचं प्लास्टिक त्यावर अजिबात धरत नाही. क्लीट घालणाऱ्यांनी क्लीट कव्हर आणा किंवा बोटीपुरत्या चपला खिशात ठेवा.

४. भेटायची जागा नीट सांगा

इथे दर वेळी कोणी ना कोणी चुकतं. 'गोराईला भेटू' असं लिहिलं की निम्मे लोक बोरिवलीतल्या गोराई कॉलनीत जाऊन उभे राहतात. गोराई गाव खाडीच्या पलीकडे आहे. तिथे बोरिवलीच्या बाजूनेही बोट जाते, पण त्या खाडीवरून विपश्यना पॅगोडाकडे जाणारी बोट वेगळी आणि गावची बोट वेगळी, त्यामुळे तिकडून येणाऱ्याने विचारूनच चढावं.

दुसरं म्हणजे मॅप. मोबाईलवर मनोरी टाकलं आणि कारचा पर्याय निवडलेला असला की तो मालाडवाल्यालाही भाईंदरमार्गे फिरवून नेतो. तेव्हा भेटायची जागा मार्वेचा धक्का, असं लिहा, लोकेशनची पिन टाका, आणि वेळ बोटीच्या अर्धा तास आधीची द्या. मालाड वेस्टवरून मार्वे रोड पकडून ओर्लेमवरून सरळ आलं की पाच-सहा किलोमीटर. मार्वेजवळ नौदलाचा आयएनएस हमला तळ आहे, तिथे गेटसमोर घोळका करून उभं राहू नका आणि फोटो काढू नका.

५. निघण्याआधी पाच मिनिटं बोला

ही पाच मिनिटं कोणाला नको असतात, सगळ्यांचे पाय शिवशिवत असतात. तरीही बोलाच.

आठ ते दहा जणांचा एक ग्रूप, त्याहून जास्त असतील तर दोन ग्रूप करा आणि मध्ये अंतर ठेवा. पुढे एक जण, ज्याला रस्ता माहितीय आणि ज्याला स्वतःला आवरता येतं. शेवटी एक जण, ज्याला आपण स्वीप म्हणतो, आणि हा ग्रूपमधला सगळ्यात अनुभवी माणूस हवा, कारण पंक्चर, दमलेला माणूस, चेन उतरली, हे सगळं मागेच घडतं. सगळे चांगले रायडर पुढे आणि मागे दोन नवखे एकटे, असं होतं तेव्हा ती राईड नवख्यांच्या कायमची मनातून उतरते, मी अशी सायकल सोडलेली माणसं पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

खुणा ठरवा. उजवा-डावा हात वळायला. खड्डा असेल त्या बाजूला बोट खाली दाखवायचं आणि मोठ्याने 'खड्डा'. मागून गाडी आली की स्वीपने 'गाडी मागून', आणि ते पुढेपर्यंत एकेकाने पोचवायचं. थांबताना हात वर आणि 'थांबतोय', अचानक ब्रेक मारायचा नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक घुसवायचं नाही, तो जरा हलला की तुम्ही पडलात. नव्यांनी पुढच्या सायकलपासून निदान एक सायकलभर अंतर ठेवा. इयरफोन नको.

६. बोटीत चढणं-उतरणं

बोटीत स्कूटर-मोटरसायकलीही येतात, भाजीवाल्या, मासळीवाल्या मावश्या टोपल्या घेऊन येतात, कामावर जाणारी माणसं असतात. ती त्यांची रोजची बोट आहे, आपण रविवारचे पाहुणे. आधी त्यांना चढू-उतरू द्या. दहा सायकली एका फेरीत मावत नसतील तर पाच-पाच करून जा, बोटवाले दादा सांगतील तसं करा.

सायकल ठेवताना डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाची उजवी बाजू बाहेर किंवा वर, दुसऱ्या सायकलीवर ती टेकवायची नाही. डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकला तर गिअर उड्या मारतात आणि तिथे दुरुस्त करणारं कोणी नाही. मोटरसायकलच्या गरम सायलेन्सरपासून टायर आणि स्वतःची पोटरी लांब ठेवा. सायकलीला हात लावून उभे राहा, प्रवास दोन-चार मिनिटांचाच आहे, सेल्फीसाठी सायकल सोडू नका. पलीकडे सगळे उतरले, मोजले, मगच निघायचं.

७. मनोरी ते गोराई

साधारण पाच किलोमीटर, जवळजवळ सपाट. अंग गरम करायला अगदी योग्य. गावात रस्ता इतका अरुंद की समोरून बस आली तर बाजूला व्हावं लागतं, म्हणून एकामागे एक, दोघं शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही. कोंबड्या, कुत्री, अंगणातून धावत येणारी पोरं. वळणावर वाळू आलेली असते, तिथे ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही, आणि सायकल फार झुकवू नका.

रविवारी सकाळी चर्चला जाणाऱ्यांची वर्दळ असते, गोराईत होली मॅजाय चर्चपाशी तर मासच्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळेला रस्ता माणसांनी भरलेला असतो. तिथे उतरून चालत जा. आरडाओरडा नको, बेल वाजवत माणसांतून वाट काढणं तर नकोच. एप्रिल-मेमध्ये इथे रस्त्याकडेला ताडगोळे मिळतात, ते मात्र सोडू नका.

८. गोराई ते उत्तन, इथे चढ आहे

गोराई सोडल्यावर सोनेरी पॅगोडा दिसत राहतो. २००९ साली खुला झालेला हा पॅगोडा, आत एकही खांब नसलेला एवढा मोठा दगडी घुमट आहे आणि तो बघण्यासारखा आहे, पण सकाळी नऊला उघडतो, त्यामुळे जाताना नाही, परतताना वेळ असेल तर बघा.

पुढे केशवसृष्टीच्या बाजूने रस्ता टेकडीवर चढतो. झाडी छान आहे, सावली आहे, पण नवीन लोकांची इथे दमछाक होते. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, चढावर जोर लावलेला असताना बदललात तर चेन कुरकुरते आणि कधी उतरते. खाली बसूनच चालवा, पाय भराभर फिरू द्या. इथे ग्रूप तुटणारच, तुटू द्या, प्रत्येकाने आपल्या वेगाने चढायचं आणि माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं. शेवटचा माणूस आल्यावर लगेच निघू नका, त्यालाही दोन मिनिटं श्वास घेऊ द्या, पाणी पिऊ द्या. पुढचे आराम करून ताजेतवाने आणि शेवटचा पोचला की 'चला निघू', हे बहुतेक ग्रूप करतात.

उताराला दोन्ही ब्रेक, थोडे थोडे, हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर असतील तर ब्रेक नीट पोचतो. उताराच्या वेळी ओव्हरटेक बंद.

९. उत्तन, चौक आणि मासळी

उत्तनला आलात की वास सांगेल. पावसाळा संपल्यापासून बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात, रांगाच्या रांगा. वलांड्यांना सायकली टेकवू नका आणि खाली पसरलेल्या जवळ्यावरून चाक नेऊ नका, ती त्यांची मेहनत आहे. फोटो काढायचा तर मावशींना विचारा, बहुतेक जणी हसून हो म्हणतात. सुकी मासळी घ्यायची असेल तर परतीच्या सामानात प्लास्टिकच्या दोन पिशव्या ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीची अपेक्षा नको.

एक महत्त्वाचं: मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडलेलं असतं, आणि ते साध्या पाण्यापेक्षा कितीतरी निसरडं असतं. बंदराजवळच्या वळणांवर वेग अगदी कमी.

उत्तन नाक्यावरून चौककडे दोन-तीन किलोमीटर पुढे गेलात की टोकावर धारावी किल्ल्याची जागा आणि धारावी देवीचं देऊळ. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत या ठिकाणासाठी मोठी झुंज झाली होती, १७३९ मध्ये मराठ्यांनी ते घेतलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. वर उभं राहून वसईच्या खाडीचं तोंड आणि पलीकडचा वसईचा कोट बघितला की हे ठाणं का हवं होतं ते न सांगता कळतं. चिमाजी अप्पांचा पुतळाही इथे आहे. माझ्या मते राईडचा मोठा थांबा इथेच घ्यावा, गोराईच्या बीचवर नाही.

खाणं: नाक्यावर चहा, वडापाव, पोहे मिळतात, पण नवीन माणसाने तोपर्यंत उपाशी राहू नये, दर पाऊण तासाला केळं किंवा खजूर पोटात गेलंच पाहिजे. तहान लागायची वाट न बघता दर दहा-पंधरा मिनिटांनी घोट घ्या. दमट हवेत घाम किती गेला ते कळत नाही.

१०. परत येणं, आणि कोणाला जमत नसेल तर

नॉर्मल प्लॅन म्हणजे आल्या रस्त्याने परत मनोरी. पण कोणाचे पाय गेले, सायकल बिघडली, तर उत्तनहून डोंगरी, राई, मुर्धामार्गे भाईंदर स्टेशन आठ-नऊ किलोमीटर. तिथून लोकलच्या मालडब्यातून सायकल नेता येते, लगेजचं तिकीट काढायचं. रविवारी मेगाब्लॉक असतो का ते आदल्या दिवशीच बघा. अशा माणसाला एकटं पाठवू नका, एक जण बरोबर जाईलच हे राईडच्या आधीच ठरवून ठेवा, कोण जाणार तेही. रिक्षात पुढचं चाक काढून सायकल मागे बसते.

छाती भरून येणं, चक्कर, ऊन लागल्यासारखं वाटणं, याला 'थोडं राहिलंय, चल' म्हणू नका. सावलीत बसवा, पाणी द्या, मानेला ओला रुमाल, आणि छातीत दुखतंय म्हणाला की थेट १०८.

परतताना अकराच्या आत मनोरीच्या धक्क्यावर असावं. नंतर बोटीला पिकनिकवाल्यांची गर्दी वाढते आणि सायकलींना जागा मिळायला थांबावं लागतं.

११. घरी आल्यावर सायकल धुवा, त्याच दिवशी

उद्या धुऊ म्हणालात तर खारा वारा आणि वाळू आपलं काम करून जातात, आठवड्यात बोल्टांवर गंज दिसतो. गोड्या पाण्याची बादली, मऊ फडकं, साबणाचं पाणी. नळीने जोरात फवारा मारू नका, हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) यांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. चेन पुसून पूर्ण सुकू द्या, मग प्रत्येक कडीवर ल्यूबचा एकेक थेंब, पाच मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. ब्रेक पॅडमध्ये वाळूचे कण रुतलेत का बघा, असतील तर टोकदार काहीतरी घेऊन काढा, नाहीतर रिम खरवडली जाईल. क्लीटचे स्क्रूही पुसून त्यांना थेंबभर तेल द्या, ते एकदा गंजले की निघत नाहीत.